सह्याद्रीची कारवी

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण मागे पडले, की काही वेळाने आसनगाव हे स्थानक येते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर गावाला जाणारे प्रवासी येथेच उतरतात. या स्थानकापासून थोड्याच अंतरावर माहुलीचा किल्ला उभा आहे. त्याची उंची आठशे मीटरांहून अधिक असून त्याचे उंच सुळके दूरवरून ओळखू येतात. सुळक्यांच्या खालचे उतार पावसाळ्यात दाट हिरवे दिसतात. लांबून पाहणाऱ्यास ती हिरवळ गवताची वाटते. परंतु डोंगर चढू लागणाऱ्या माणसास ते गवत आपल्या डोक्याहून उंच असल्याचे आढळून येते. पायवाटेच्या दोन्ही अंगांस सरळ काठ्यांची दाटी असते आणि प्रत्येक काठीला समोरासमोर रुंद, खरखरीत पाने असतात. हीच कारवी होय.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील डोंगराळ भागात कारवी ठाऊक नाही असा माणूस मिळणे कठीण. माळशेजच्या घाटात, नाणेघाटाच्या चढणीवर, सिद्धगडाच्या रानात, जेथे जेथे सह्याद्रीचा उतार आहे आणि पावसाची धार आहे तेथे तेथे ती वाढते. ती वृक्ष नव्हे आणि वेलही नव्हे. ती झुडूप आहे. इतके परिचित असे हे झुडूप वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र दीर्घकाळ कोड्यात टाकीत आले. त्याला कोणते नाव द्यावे आणि कोणत्या गटात बसवावे, याविषयी शंभर वर्षांहून अधिक काळ विचार चालला होता. त्या विचाराचे कारण कारवीच्या विलक्षण जीवनक्रमात दडलेले आहे.

प्रथम तिचे रूप पाहू. कारवीचे झुडूप साधारणपणे दोन मीटरपासून पाच-सहा मीटरपर्यंत उंच होते. कोवळे खोड गोल नसून चौकोनी असते व त्यावर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे असतात. पाने खोडावर जोडीजोडीने, एकमेकांसमोर येतात. ती लांबट, टोकाशी निमुळती आणि कडेला दातेरी असतात व त्यांच्या शिरा ठळकपणे उठून दिसतात. पानावरून बोट फिरविले तर ते खरखरीत लागते. पानाच्या आत चुन्याचे सूक्ष्म कण साठलेले असतात. भिंगातून पाहिल्यास ते पानाच्या पृष्ठभागावर बारीक रेघांसारखे दिसतात. फुले निळसर जांभळी, नळीसारखी आणि मुखाशी पाच पाकळ्यांत उमललेली असतात. ती एकेकटी न येता दाट कणसांत येतात. प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक लहान पान असते. त्यास शास्त्रात छद म्हणतात. फुले उमलण्यापूर्वी ही छदे एकावर एक कौलांसारखी रचलेली दिसतात.

आता तिचा जीवनक्रम. आंबा दरवर्षी मोहरतो, पळस दरवर्षी फुलतो. तेरडा एकाच पावसाळ्यात जन्मतो, फुलतो आणि मरतो. कारवीची रीत या दोहोंहून निराळी आहे. बी रुजल्यावर पहिल्या पावसाळ्यात ती इवलेसे रोप असते. पावसाळा संपून रान वाळू लागले, की तिची पाने झडतात आणि नुसती काठी उभी राहते. पुढच्या पावसाळ्यात तीच काठी पुन्हा पालवते व अधिक उंच होते. असे सात पावसाळे जातात. या सात पावसाळ्यांत कारवी एकही फूल देत नाही. आठव्या पावसाळ्यात मात्र डोंगरावरील सगळीच्या सगळी कारवी एकदम कळ्यांनी भरून जाते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास हिरवा उतार जांभळा होतो. मधमाश्यांची झुंबड उडते आणि त्या वर्षीचा कारवीचा मध दाट व गडद रंगाचा मिळतो. मग फळे धरतात आणि झुडपे वाळू लागतात. ती पुन्हा कधी पालवत नाहीत. आयुष्यात एकदाच फुलावे, बी द्यावे आणि मरावे, असा हा क्रम आहे.

कारवी सात वर्षांनी फुलते असे काही लोक म्हणतात, तर काही आठ वर्षांनी असे म्हणतात. यांत वाद मानण्याचे कारण नाही. मुंबईतील बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बहराची वर्षे पाहिली, म्हणजे हिशोब उलगडतो. तेथे २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी कारवी फुलली. दोन बहरांत अंतर आठ वर्षांचे आहे. परंतु २०१६ साली धरलेले बी २०१७ च्या पावसात जमिनीवर पडले व रुजले. तेव्हा नव्या रोपांनी २०१७ पासून २०२३ पर्यंत सात पावसाळे केवळ पानांत घालविले आणि २०२४ च्या पावसाळ्यात ती फुलली. एका बहरापासून दुसऱ्या बहरापर्यंत मोजणारा आठ म्हणतो. रोपाचे फुलांवाचूनचे पावसाळे मोजणारा सात म्हणतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मात्र एका डोंगराचे वर्ष दुसऱ्या डोंगरास लागू पडतेच असे नाही. निरनिराळ्या डोंगरांवरील कारवीच्या पिढ्या निरनिराळ्या वर्षी जन्मलेल्या असू शकतात.

सगळ्या झुडपांनी एकाच वर्षी फुलण्यात निसर्गाचा काय हेतू असावा? शास्त्रज्ञ त्याचे एक उत्तर असे देतात. दरवर्षी थोडे थोडे बी पडले तर किडे, पाखरे आणि उंदीर ते सगळे खाऊन टाकतील. परंतु कित्येक वर्षे काहीच न देता एकदम बियांची रास ओतली, तर खाणाऱ्यांची पोटे भरतात आणि तरीही पुष्कळ बी उरते. कळकाचे काही प्रकारही याच रीतीने पुष्कळ वर्षांनी एकदम फुलतात आणि फुलून मरतात.

बी पसरण्याची तिची युक्तीही पाहण्याजोगी आहे. बहरानंतर धरलेली बोंडे उन्हाळ्यात कडक वाळतात, पण उकलत नाहीत. मेलेल्या झुडपांवर ती तशीच राहतात. प्रत्येक बोंडात बिया असतात व प्रत्येक बीला खालून एका टणक आकड्याचा आधार असतो. जून महिन्यात पहिला पाऊस पडून बोंड भिजले, की ते ताड्कन फुटते आणि आकड्याच्या झटक्याने बी दूर फेकले जाते. डोंगरावर अशी असंख्य बोंडे फुटू लागली, की रानभर तडतड असा आवाज ऐकू येतो. बी नेमके अशा वेळी जमिनीवर पडते, की जमीन ओली झालेली असते आणि पुढे चार महिने पाऊस असतो. शिवाय जुनी झुडपे मेल्यामुळे त्यांच्या पानांची सावली नाहीशी होते आणि कोवळ्या रोपांना ऊन मिळते.

बोंड फुटण्याची ही रीत एकट्या कारवीची नाही. घराच्या अंगणातील अबोलीचे वाळलेले बोंड पाण्याने भिजले तर तेही असेच फुटते. कोरांटीच्या बियांनाही असेच आकडे असतात. हे साम्य योगायोगाचे नाही. अबोली, कोरांटी, अडुळसा, तालीमखाना आणि कारवी या सर्व वनस्पती एकाच कुलातील आहेत. त्यास अडुळशावरून वासक कुल म्हणतात व त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅकँथेसी असे आहे. समोरासमोर येणारी पाने, फुलाजवळची छदे आणि आकड्यांच्या आधाराने बसलेल्या बिया ही या कुलाची बहुतेक ठिकाणी दिसून येणारी लक्षणे होत.

वनस्पतींची अशी गटवारी करणे यास वर्गीकरण म्हणतात. पुष्कळ साम्य असलेल्या वनस्पतींची एक जाती, जवळच्या जातींची मिळून एक प्रजाती आणि जवळच्या प्रजातींचे मिळून एक कुल, अशा या पायऱ्या आहेत. स्वीडनमधील शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव दिले. त्यांतील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. शाळेच्या पटावर आडनाव आधी व नाव मागाहून लिहावे, तशी ही पद्धत आहे.

कारवीची प्रजाती प्रथम दूरच्या जावा बेटावर ओळखली गेली. तेथील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमे नावाच्या शास्त्रज्ञाने १८२६ साली स्ट्रोबिलँथिस ही प्रजाती वर्णिली. ग्रीक भाषेत स्ट्रोबिलोस म्हणजे देवदारासारख्या वृक्षांना येणारे शंकूच्या आकाराचे बोंड आणि अँथोस म्हणजे फूल. छदांनी झाकलेले न उमललेले कणीस पाहिले, म्हणजे या नावाचा अर्थ ध्यानात येतो. पुढे १८३२ साली नेस फॉन एसेनबेक या जर्मन शास्त्रज्ञाने भारतातील कारवीचे वर्णन करून तिला स्ट्रोबिलँथिस कॅलोसा असे नाव दिले. कॅलोसा या लॅटिन शब्दाचा अर्थ कातडी जाड झालेली, घट्टे पडलेली असा आहे. खोडावर उंचवटे असणाऱ्या कारवीस हे विशेषण शोभते.

यानंतर आशियाच्या निरनिराळ्या भागांतून या प्रजातीच्या नव्या नव्या जाती उजेडात आल्या. त्यांची संख्या शेकड्यांनी मोजण्याची वेळ आली. एवढ्या मोठ्या गटाची नीट विभागणी करावी, या हेतूने ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने बारकाईने अभ्यास केला. फुलांची मांडणी, बियांवरील केस आणि विशेषतः सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे परागकणांचे आकार त्याने तपासले. १९४४ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात स्ट्रोबिलँथिसची विभागणी करून पन्नासांहून अधिक प्रजाती मांडल्या. त्यांतील एका प्रजातीत त्याने आपल्या कारवीस बसविले आणि त्या प्रजातीस नाव दिले कार्विया. डोंगरातील माणसे ज्या नावाने हे झुडूप ओळखीत आली, तो मराठी शब्द लॅटिन रूप घेऊन शास्त्राच्या ग्रंथात जाऊन बसला. कारवीचे शास्त्रीय नाव कार्विया कॅलोसा असे झाले.

परंतु शास्त्रात कोणताही निर्णय कायमचा नसतो. पुढच्या अभ्यासकांना असे दिसून आले, की ब्रेमेकांपने केलेल्या गटांच्या सीमा पुष्कळ ठिकाणी पुसट आहेत. परागकणांचे आकार एका गटातून दुसऱ्या गटात हळूहळू बदलत जातात. एका लक्षणावरून दोन जाती जवळच्या वाटतात, तर दुसऱ्या लक्षणावरून त्याच दूरच्या ठरतात. २००२ साली कॅरीन आणि स्कॉटलंड या शास्त्रज्ञांनी हे सर्व गट पुन्हा स्ट्रोबिलँथिस या एकाच प्रजातीत सामावून घ्यावेत असे सुचविले. त्यानंतर जनुकांच्या तपासणीनेही या विचारास बळकटी आणली. आज या प्रजातीत जगभर मिळून सुमारे साडेचारशे जाती मानल्या जातात. त्यांपैकी सुमारे दीडशे भारतात आढळतात. कारवीस पुन्हा तिचे १८३२ सालचे नाव मिळाले आहे. जुन्या पुस्तकांत आणि वनस्पतिसंग्रहालयांतील कागदांवर मात्र कार्विया हे नाव अजून वाचावयास मिळते. अशा वेळी दोन निरनिराळी झुडपे आहेत असे समजू नये.

या प्रजातीचे वर्गीकरण इतके अवघड का झाले? त्याचे एक कारण लक्षणांच्या गुंतागुंतीत आहे, तर दुसरे कारण काळाचे आहे. वनस्पतिशास्त्र फुलांवर फार अवलंबून असते. जात ओळखावयाची तर फुले, फळे आणि बिया हाती असाव्या लागतात. अभ्यासक डोंगरावर गेला आणि तेथील बहर दोन वर्षांपूर्वी होऊन गेला असेल, तर त्याला नुसती पाने घेऊन परतावे लागते. पुन्हा फुले पाहण्यासाठी सहा वर्षे थांबणे कितीजणांना शक्य होणार? म्हणून अशा वनस्पतींचे फुलांसह नमुने संग्रहालयांत कमी असतात. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी मुंबई इलाख्यातील वासक कुलाचा अभ्यास करून १९५१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेचे संचालक झाले. अशा अभ्यासकांनी रानोमाळ हिंडून, वर्षामागून वर्षे नोंदी ठेवून हे ज्ञान जमविले आहे.

कारवीचे आप्तही जाणून घेण्यासारखे आहेत. तिच्याच प्रजातीतील वायटी हे झुडूप सह्याद्रीत आढळते. ते कारवीपेक्षा ठेंगणे असते आणि त्याच्या फुलांचे गोंडे हाताला चिकट लागतात. तिच्या इक्सिओसेफाला या शास्त्रीय नावाचा अर्थही चिकट डोक्याची असाच होतो. साताऱ्याजवळ कासचे पठार आहे. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत या पठाराची गणना होते. तेथे टोपली कारवी वाढते. जमिनीवर टोपली उपडी घालावी तसा तिच्या झुडपाचा आकार असतो. त्यावरूनच तिला हे नाव पडले. दक्षिणेकडे केरळ आणि तामिळनाडूच्या उंच डोंगरांवर नीलकुरिंजी ही आणखी एक बहीण राहते. ती बारा वर्षांनी फुलते. केरळातील मुन्नारच्या डोंगरांवर १९९४, २००६ आणि २०१८ या वर्षी तिचा बहर आला. तिच्या फुलांनी निळ्या होणाऱ्या डोंगरांमुळेच निलगिरी हे नाव पडले, असे सांगतात.

फुलांवाचून अडणाऱ्या शास्त्रज्ञाच्या जोडीला आणखी एक जाणकार आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या राहणारे ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली लोक कारवीस फुलांवाचून ओळखतात. वैशाखात पान नसलेली काठी पाहूनही ते ती कारवीची आहे हे सांगू शकतात. याचे कारण ती काठी त्यांच्या घराची भिंत असते. कारवीच्या सरळ काठ्या जवळजवळ बांधून कुड उभा करावयाचा, त्यावर शेण आणि माती यांचा गिलावा द्यावयाचा, की वारा-पावसाला अडविणारी भिंत तयार होते. वेलींच्या मांडवाला आणि परसाच्या कुंपणालाही कारवी उपयोगी पडते. जेथे विटा-सिमेंटची घरे झाली आहेत, तेथे कुड दिसेनासे होत आहेत. परंतु ज्यांच्या हातून कारवीची काठी अनेकदा गेली आहे, त्यांचे ज्ञान शास्त्राच्या ज्ञानाहून कमी प्रतीचे नाही. शास्त्र फुलाचा व परागकणाचा विचार करते, तर रानातील माणूस खोडाचा, पानाचा आणि ऋतूचा विचार करतो. कार्विया हे नाव लिहिले गेले, तेव्हा या दोन ज्ञानांची क्षणभर गाठ पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

कारवीविषयी ध्यानात ठेवावी अशी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिच्या आयुष्यातच आहे. इतर झाडांचे एका वर्षी बी वाया गेले, तर पुढच्या वर्षी पुन्हा बी धरते. कारवीचे तसे नाही. डोंगरावरची सगळी झुडपे एकाच वयाची असतात आणि ती एकदमच मरतात. बहराच्या वर्षी फुले ओरबाडून नेली, बोंडे पिकण्यापूर्वीच काठ्या तोडल्या किंवा उन्हाळ्यात वाळलेल्या रानात वणवा शिरून बोंडे जळून गेली, तर जूनच्या पहिल्या पावसात तेथे तडतड ऐकू येणार नाही. मागे उभी असलेली दुसरी पिढी नाही, की जिच्या बियांवर तो उतार पुन्हा भरून निघेल. मग उघड्या पडलेल्या मातीला धरून ठेवणारी मुळे राहत नाहीत आणि सह्याद्रीचा पाऊस ती माती ओढ्यांत वाहून नेतो. याउलट बी पडून गेल्यानंतर उरलेली वाळकी काठी घरासाठी आणली, तर पुढील पिढीचे बी त्यापूर्वीच मातीत पोहोचलेले असते. तोडण्याची वेळ कोणती आणि थांबण्याची वेळ कोणती, हे ज्याला कळते तोच रानाचा खरा जाणकार होय.

माहुलीच्या भोवतालचे पुष्कळसे रान तानसा अभयारण्यात मोडते. त्याच रानातील तानसा तलावाचे पाणी मुंबई नगरीला मिळते. तो तलाव भरतो तो भोवतालच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाने. आणि त्या डोंगरांची माती धरून ठेवणाऱ्या असंख्य मुळांत कारवीचीही मुळे आहेत. तिला कार्विया म्हणावे की स्ट्रोबिलँथिस, हे शास्त्रज्ञ ठरवितील व पुढे कदाचित पुन्हा बदलतीलही. नाव बदलल्याने झुडपाचे काही बिघडत नाही. सात पावसाळे निमूटपणे वाढणाऱ्या त्या झुडपास आठवा पावसाळा आणि त्यानंतरचा एक उन्हाळा निर्विघ्नपणे मिळाला पाहिजे, इतकेच पुरे आहे.

स्वाध्याय

१. कारवीचे खोड, पाने व फुले यांचे वर्णन आपल्या शब्दांत लिहा.

२. कारवी 'सात वर्षांनी फुलते' आणि 'आठ वर्षांनी फुलते' ही दोन्ही विधाने खरी कशी, ते बोरिवलीच्या उद्यानातील वर्षांच्या आधारे स्पष्ट करा.

३. कारणे द्या :
(अ) कारवीचे बी पहिल्या पावसातच जमिनीवर पडते.
(आ) कारवीच्या प्रजातीचे वर्गीकरण करणे अवघड गेले.
(इ) बहराच्या वर्षी लागलेल्या वणव्याने इतर वर्षांपेक्षा अधिक हानी होते.

४. 'कार्विया' हे नाव कोणी व केव्हा दिले? ते आज का मागे पडले?

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : कुड, गिलावा, निमुळते, पालवणे, जाणकार.

६. आपल्या गावाजवळील एखादे झुडूप निवडून त्याला लोक कोणत्या नावाने ओळखतात, ते केव्हा फुलते आणि त्याचा उपयोग कोणता, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.